विटा : शेजारी किल्ल्या ठेवून गेलेलं गाव

खुंटीवाला

परवा आईनं खुंटीवरच्या सगळ्या किल्ल्या खाली काढल्या, रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या आणि परत टांगल्या. नऊ जुडगे. त्यातला आमच्या घराचा एकही नाही. लाल नाडीचा मदुराईवाल्यांचा, सुतळीचा लुधियानावाल्यांचा, तुटक्या बांगडीत ओवलेला त्रिचूरवाल्यांचा. आई माणसांची नावं घेतच नाही, गावांची घेते. "मदुराईचा धाकटा यायचाय दसऱ्याला, टाकी धुवून घ्यायला पाहिजे." नव्या माणसाला वाटावं बाईचं एक पोरगं तिकडं असतं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. विटा म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचं ठिकाण. तालुका खानापूर, कचेरी विट्यात, आणि खानापूर नावाचं गाव वेगळंच. शिवाय खानापूर म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला बेळगावकडचं आठवतं. गुहागर-विजापूर रस्ता कराडकडून येतो आणि आमच्या गावातून पुढं जातो. २०११ च्या जनगणनेत वस्ती ४८ हजारांच्या आसपास. पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. शेतीवर भागत नव्हतं म्हणून इथली माणसं दोन धंद्यांत पडली. काही जण गाव सोडून गलाईला गेले, राहिले त्यांनी माग घातले.

गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा. मागच्या बोळात, जिन्याखाली किंवा माडीवर एक भट्टी असते, आणि भट्टीपुढचा माणूस विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव या पट्ट्यातला निघतो. भिंतीवर शिवाजी महाराज आणि ग्रामदैवताचा फोटो. तिथल्या सराफाशी तो मल्याळीत बोलेल, पंजाबीत बोलेल, आणि फोन आला की "आरं बोल की लगा!"

गलाईवर लिहिताना सोन्याचं लिहितात, पैशाचं लिहितात, बंगल्यांचे फोटो टाकतात. मला राहून राहून वाटतं, या गावाचा स्वभाव घडवलाय तो गेलेल्यांनी नाही, त्यांच्यामागं राहिलेल्यांनी. दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या सांभाळणं, त्यांच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं, त्यांच्या विहिरीची मोटर दुरुस्त करून घेणं, त्यांच्या वतीनं लग्नात आहेर देणं. आमच्याकडं एक वही आहे, "आहेर – परगावच्यांतर्फे". बाकीच्यांनी आपापलं लिहा. चुकलं तर सांगा.

---

पुणेरी_भोचक

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. सोनं 'शुद्ध' करायचं म्हणजे नेमकं काय करतात? मुळात दागिना वितळवला की झालं ना?

---

मुशीतला

नुसतं वितळवून नाही होत हो. बावीस कॅरटचा दागिना वितळवला की बावीस कॅरटचाच गोळा मिळतो. आतलं तांबं-चांदी बाहेर कसं काढणार?

आमची रीत सांगतो. एकोणीस वर्षं केलंय, आता गावात किराणा दुकान आहे. सोन्यात आधी उलट चांदी घालायची. हो, शुद्ध करायला अजून भेसळ! सोनं एक भाग आणि बाकीचं तीन भाग, या हिशोबानं. दहा ग्रॅम बावीस कॅरटात ९.१६ ग्रॅम सोनं असतं, तर वर साधारण साडेसव्वीस ग्रॅम चांदी पडते. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घालून भट्टीत रसरशीत करायचं, वर टाकणखार, आणि तो रस पाण्याच्या भांड्यात बारीक धारेनं ओतायचा. लाह्यांसारखे दाणे होतात. धार जाड पडली तर दाणा जाड येतो, आणि जाड दाण्याच्या पोटात तेजाब शिरत नाही. नवीन पोराच्या हातात वर्ष-दीड वर्ष मूस देत नाहीत ती यासाठी.

मग ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिकमध्ये उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही. तळाशी जे राहतं ते बघून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी. शेठ म्हणाला, "हेच." ती पाण्यानं धुवून धुवून परत मुशीत घातली, की मग पिवळं बघायला मिळतं. चांदी वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडायची. पाणी निळं होत जातं आणि चांदी कापसासारखी खाली बसते.

चांदी का घालायची? सोनं जास्त असलं तर त्याच्या आडोशानं आतली चांदी तेजाबाला सापडत नाही. एवढंच. शाळेत मी रसायनशास्त्रात नापास होतो.

---

पुणेरी_भोचक

@मुशीतला, चहाचा चोथा! हे कुठल्या पुस्तकात नसतं मिळालं. आणि तेजाब उकळताना निघतो तो तपकिरी धूर?

---

मुशीतला

धुराचं विचारू नका.

---

धोटा

धागाकर्त्याचं बरोबर आहे, पण त्यांनीही मागाला एका वाक्यात गुंडाळलंय. विट्यात गलाईवाल्यांचे वर्षातून दोनदा दर्शन होतं. आम्ही तीनशे पासष्ट दिवस इथंच आहोत.

संध्याकाळी वीज गेली की गावात नवा माणूस दचकतो. अंधारानं नव्हे, शांततेनं. माग बंद पडले की कानात दडे बसल्यासारखं होतं. माझी आई खटखट थांबली की झोपेतून जागी व्हायची.

माझे वडील खर्चीवाले होते. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि माग, जागा, वीजबिल, कामगार हे सगळं आपलं. मजुरी पिकावर. पीक म्हणजे इंचात बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे किती, ते. ५२ पीक असेल तर ५२ गुणिले जो काही पैसे-दर ठरलेला, तेवढं मीटरमागं. रुपयांत नाही हो, पैशांत. त्या दरात चार पैसे वाढवून घ्यायला बैठकांवर बैठका. आणि वीजबिल मात्र विचारून वाढत नाही.

उभ्या सुताचं बीम सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, आणायचं, वहिणी लावायची, बायका कांड्या भरणार, जॉबर येऊन माग 'लावून' जाणार. जॉबर म्हणजे इथला डॉक्टर. त्याला चहा नुसता देऊन चालत नाही, खारी पण लागते. आता मोठ्यांकडं बिनधोट्याचे माग आलेत. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेतो तो. साधे माग भंगारात किलोवर जाताना बघितलेत मी, आमचे चारही. ज्या दिवशी टेंपो आला त्या दिवशी वडील सकाळपासून मळ्यात जाऊन बसले.

म्हणून म्हणतो, बंगल्यांचे फोटो पुरेत.

---

येरळाकाठ

या दोन धंद्यांना जोडणारी एक गोष्ट कुणी सांगितली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या तालुक्यातली बरीच माणसं होती. १९८२ चा संप झाला आणि ती गावाकडं आली. आली तर इथं दुष्काळ, रोजगार हमीवर खडी फोडायची पाळी. पण संपाची सवय लागलेली माणसं ती, गप्प कशी बसतील? मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली त्यात हे गिरणीवाले होते. बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेतली वाळू विकून त्या पैशावर बळीराजा धरण बांधलं आणि पाणी सारखं वाटून घ्यायचं ठरवलं. ठेकेदार फुकट नेत होते ती वाळू. नदी कोणाची, हा प्रश्न तालुक्यात तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला.

त्यामुळं 'आमचे लोक गप गुमान बाहेर जातात' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. काही परत आले आणि भांडले.

---

जुनं_खोंड

नातवाला सांगून लिवून घेतोय. चुकलं तर त्येला बोला.

मी १९७२ च्या दुष्काळात गेलो. चौदा वर्साचा. खडी केंद्रावर आई आन थोरली भन जायच्या, सुकडी मिळायची. पावण्यातला एकजण दिवाळीला आल्ता, म्हणला पोरगं द्या. बा नं दिलं. मिरजंवरनं गाडी. पयल्यांदाच आगगाडी बगितली, बसायला जागा न्हाई, दाराजवळ पोत्यावर बसून गेलो. कुटं चाललोय त्ये उतरल्यावर कळालं.

पयली दोन वर्सं भट्टीला हात न्हाई. झाडायचं, पाणी भरायचं, शेठची कापडं, सैपाक. आन झाडलेलं फेकायचं न्हाई बगा! दुकानातली माती, राख, फुटक्या मुशी, हात धुतल्यालं पाणी, समदं साटवायचं. त्यात बी सोनं असतंय. वर्सातनं एकदा त्ये धुवून काढायचं. झारेकरी करत्यात त्येच की. माज्या हाताला पयलं सोनं लागलं त्ये कचऱ्यातनं.

पगार हातात न्हाई. शेठ गावाकडं बा ला धाडायचा. किती, त्ये मला ठावं न्हाई आजपतूर. शेठ वाईट न्हवता, पर पोरगं म्हणून कुणी जवळ घेतलं न्हाई. रातच्याला रडू आलं की शिगडीपाशी बसायचो, धुरानं डोळं चुरचुरत्यात म्हणून सांगायला.

तवा सुवर्ण नियंत्रण कायदा हुता. सोन्याची सादी लगड घरात सापडली तरी गुन्हा. दारावर थाप पडली की शेठचं त्वांड पांढरं. १९९० ला कायदा उटला तवा आमच्या बाजारात पेढं वाटलं.

लोकं म्हनत्यात गलाईवालं लै कमावत्यात. कमावलं की. माज्याबरुबरच्या सात पोरांतल्या दोगांनी.

---

खुंटीवाला

आजोबा, नमस्कार. तुमचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली, "दोघांचं बंगलं दिसतात, पाचांचं पत्रं कोण बघतंय."

---

कोईमतूरकर_वहिनी

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. गलाईवाल्यांच्या बायकांबद्दल कोणी लिहिणार आहे का?

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, सोन्याचा धंदा म्हणजे काय थाट असेल. स्टेशनवरून रिक्षानं बोळात आलो. खाली दुकान, म्हणजे आठ बाय दहाची खोली, मागं भट्टी, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी, हे, दोन दीर आणि गावाकडची तीन पोरं. सकाळी साठ-सत्तर भाकरी. ज्वारीचं पीठ गावाकडून यायचं, पावसाळ्यात गाडी चुकली की आठवडाभर भात. शेजारच्या अम्माशी पहिले सहा महिने खुणांनी बोलले. तिनं मला तांदूळ-उडदाचं प्रमाण शिकवलं, मी तिला पुरणपोळी. ती तिला 'बोळी' म्हणते, आणि आमच्याच देशातली म्हणून सांगते!

साडी वाळत घातली तर धुरानं भोकं पडायची. पितळेची भांडी हिरवी. यांचा खोकला आधी थंडीतला होता, मग बारमाही झाला. डॉक्टर विचारायचे, विडी ओढता का. आयुष्यात ओढली नाही. आता धुराडं उंच केलंय, पंखा बसवलाय, पण पहिली पंधरा वर्षं गेली ती गेलीच.

आणि मुलं. त्यांचं तमिळ आमच्यापेक्षा चांगलं, मराठी घरातलं, तेही विट्याकडचं. गावी गेली की चुलत भावंडं "ए मद्रासी" म्हणून चिडवतात. इथं वर्गात "मराठीकारन्". थोरला एकदा म्हणाला, "आई, मग मला नाव कुठं आहे?" मी म्हटलं, जेव आधी.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा महिनाभर भट्टी थंड होती. गावाकडची पोरं परत पाठवली. त्यातली दोन पुन्हा आलीच नाहीत, टेंभू योजनेचं पाणी शेतात आलंय म्हणाली. मला त्यांचा राग नाही आला. हेवा वाटला.

---

सराफकट्टा

वहिनी, हात जोडले.

धंद्याच्या बाजूनं थोडं. पूर्वी टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायचा तो कसोटीवर घासून आणि नजरेनं. जुन्या माणसांची नजर अशी की रेघ बघून सांगणार, आणि यंत्रावर घातलं तर फारसा फरक नाही. आता टंच मशीन मिनिटात आकडा देतं. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला, त्याआधी २०१७ मध्ये जीएसटी, सोन्यावर तीन टक्के. कागदपत्रं आली. मोठ्या रिफायनऱ्या किलोनं काम करतात, बोळातला गलाईवाला ग्रॅमनं. तरी तो टिकून आहे, कारण सराफाला दुपारी दिलेलं सोनं संध्याकाळी परत पाहिजे असतं, आणि ते डोळे मिटून ज्याच्या हाती देता येईल असा माणूस पाहिजे असतो. लाखांचा माल चिठ्ठीवर दिला जातो. कधी चिठ्ठीही नसते.

एकानं जरी माल घेऊन पळ काढला तर त्या शहरातल्या सगळ्या विटेकरांना महिनाभर दारात उभं करत नाहीत. त्यामुळं ही मंडळी एकमेकांवर जेवढी नजर ठेवतात तेवढी पोलीसही ठेवत नसतील.

---

माणदेशी_पावणा

विटा विटा काय लावलंय? गलाईवाले काय फक्त विट्याचे? आटपाडी तालुक्यातली गावं अर्धी बाहेर आहेत. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला या, खिल्लार जनावरांचा बाजार बघा, आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटा मोजा. केरळ, तेलंगणा, गुजरात, पंजाब. तुमच्या विट्यात आहे का असलं काही?

---

धोटा

आहे. पालखीची शर्यत. आणि २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर. लोणावळा दुसरं, सासवड तिसरं. नंबरप्लेटा तुम्ही मोजा, आम्ही रस्ता झाडतो.

---

माणदेशी_पावणा

झाडायला माणसं तरी शिल्लक आहेत म्हणायची!

---

पुणेरी_भोचक

भांडू नका, पालखीची शर्यत म्हणजे काय ते सांगा.

---

खुंटीवाला

दसऱ्याला संध्याकाळी रेवणसिद्धाच्या दोन पालख्या पळवतात. एक मूळस्थानची, म्हणजे सुळेवाडीची, आणि एक विट्याची. देव एकच, पालख्या दोन, आणि शर्यत शिलंगणाच्या मैदानाकडं. 'पालखी निघते' असं जे आपण इतरत्र म्हणतो ते इथलं नव्हे. पालखी धावते. खांदेकरी पळता पळता बदलतात, एकाचा खांदा निसटायच्या आत दुसऱ्याचा लागला पाहिजे. ढकलाढकली होते, पालखी तिरकी होते, लोकांचा श्वास अडकतो. दोन्हीकडच्या गच्च्या बायकापोरांनी भरलेल्या. कुलपं लावलेल्या बंगल्यांच्या गच्च्यासुद्धा, कारण किल्ल्या आमच्याकडं.

मी लहान असताना एकदा खांदा द्यायला घुसलो होतो. चार पावलं. चप्पल गेली ती गेली, अंगठ्याचं नख काळं पडलं. वडिलांनी आधी थोबाडीत दिली, मग विचारलं, "कुठल्या पालखीला?"

कोण जिंकलं यावर पुढं वर्षभर चहाच्या टपरीवर खटले चालतात. व्हिडिओ आल्यापासून तर जास्तच. मोबाइल पुढं करून दाखवतात, "हे बघ, दांडी कुणाची पुढं हाय?"

---

येरळाकाठ

टेंभूचा विषय निघालाच आहे तर. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळावर आणायचं, हे काम १९९६ ला सुरू झालं. नंतरची कितीतरी वर्षं आम्ही कोरडे कालवे बघितले, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. माहुलीला, भूडला पंप सुरू झाले तेव्हा म्हातारी माणसं कालव्याच्या कडेला हळदीकुंकू घेऊन गेली होती. श्रेय कुणाचं यावर इथं कृपया सुरू होऊ नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत आणि तिथं माणसं एकमेकांची डोकी फोडतायत.

पाणी आलं आणि पळशी-हिवऱ्याकडची द्राक्षं होतीच, आता ऊसही दिसायला लागला. माझं मत विचाराल तर ज्या मुलखानं वाळू विकून धरण बांधलं आणि पाणी वाटून घेतलं, त्यानं उसाच्या मागं लागावं हे बरं नव्हे. पण मी नोकरीवाला. ज्याच्या विहिरीला पहिल्यांदा पाणी लागलंय त्याला मी काय शिकवणार?

---

मुशीतला

खरं आहे. माझ्या भावानं गलाईच्या पैशातून पाइपलाइन केली, आणि आता गलाईला जायला त्याचाच पोरगा तयार नाही. कोंबड्यांचं शेड टाकतो म्हणतो. भट्टी कुणाला द्यायची हा प्रश्न आहे. मागच्या वर्षी ती बंगालकडच्या एका कारागिराला चालवायला दिली. चांगला आहे पोरगा. सैपाक तोच करतो, रडत असेल तर शिगडीपाशी बसत असेल, आजोबांनी लिहिलंय तसं. मी कधी विचारलं नाही. आता विचारीन.

---

जुनं_खोंड

इचार. आन पगार त्येच्या हातात दे.

---

कोईमतूरकर_वहिनी

@खुंटीवाला, दसऱ्याला यायचं म्हणतोय यंदा, पाच वर्षांनी. तुमच्या आईंच्या खुंटीवर हिरव्या रिबिनीचा जुडगा आहे का हो? सासूबाई गेल्यापासून आमच्या घराची किल्ली नक्की कुणाकडं आहे हेच यांना आठवेना.

---

खुंटीवाला

आईला विचारलं. हिरव्या रिबिनीचा नाही आमच्याकडं. कोईमतूरचे दोन आहेत, पण एक काळ्या दोऱ्याचा आणि एक पिनेचा. ती म्हणते, किल्ली कुणाकडं असेल ते लगेच सांगते, पण आधी माहेर कुठलं आणि सासर कुठलं ते विचार.

---

कोईमतूरकर_वहिनी

माहेर भाळवणी, सासर लेंगरे. घरापुढं लिंब आहे, असला तर अजून.

---

खुंटीवाला

लिंब आहे म्हणते. किल्ली कुणाकडं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. आणि आई विचारतेय, येताना दोन शेर इडलीचा तांदूळ आणाल का, पैसे देईल.